दलित आत्मकथनातील वाटणीचा प्रश्न

दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून दलित आत्मकथनांवर जी समीक्षा लिहिली गेली, ती चाळून पाहिली तर तिचा रोख एकाच दिशेने असल्याचे जाणवते. गाव आणि महारवाडा, पाटील आणि येसकर, शाळेतला बाक आणि शाळेबाहेरची पायरी या संघर्षाकडे समीक्षकांनी बारकाईने पाहिले. ते योग्यच होते. परंतु महारवाड्याच्या आत, एका चुलीवर वाढलेल्या दोन भावांमध्ये, भाऊ आणि बहीण यांच्यामध्ये, दीर आणि विधवा भावजय यांच्यामध्ये हिश्शावरून जे घडते, त्याकडे फारसे कुणी वळले नाही.

याची दोन कारणे मला दिसतात. पहिले कारण संकोचाचे आहे. घरातले भांडण चव्हाट्यावर आणले तर प्रस्थापित समीक्षक 'पाहा, यांच्यातही तेच' म्हणून टाळ्या पिटतील, ही भीती आपल्या मनात होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. दुसरे कारण एका गैरसमजाचे आहे. ज्याच्याजवळ मालमत्ता नाही त्याच्या घरात वाटणीचा तंटा कुठून येणार, असे आपण धरून चाललो. वारसाहक्काचा कलह हा सधनांचा, सवर्णांचा विषय ठरला आणि तो त्यांच्या नाटक-कादंबऱ्यांकडे सोपवून आपण मोकळे झालो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. दलित कुटुंबात वारशाचे भांडण संपत्तीच्या आधी आले. ते वतनाबरोबर आले. वतनाने आमच्या बापजाद्यांना जमीन नावापुरती दिली, पण भावाकडे हिस्सेदार म्हणून पाहण्याची नजर पुरेपूर दिली. वतन कायद्याने गेले, नजर मात्र घरात राहिली. आणि आज तिचा सर्वांत मोठा भार बहिणीवर पडतो आहे. आपली आत्मकथने ध्यान देऊन वाचली तर हे सगळे त्यांच्यात आहे. आपण ते वाचले नाही, एवढेच.

१

प्रथम सधनांच्या वाटणीचे एक उदाहरण घेऊ, म्हणजे फरक ध्यानात येईल. महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' (१९८५) हे या विषयावरचे मराठीतले महत्त्वाचे नाटक आहे. धरणगावकर देशपांड्यांचे घर. तात्याजी वारले आहेत, धाकटा सुधीर बायकोसह मुंबईहून आला आहे, अंगणात ट्रॅक्टर गंजत पडला आहे, तेराव्याचा खर्च कसा भागवायचा हा पेच आहे आणि घरातल्या दागिन्यांवर सगळ्यांचे डोळे आहेत. शिकायचे राहून गेलेली बहीण प्रभा त्याच घरात कुढत बसली आहे. नाटककार या कुटुंबाच्या ऐतखाऊपणावर पांघरूण घालीत नाही, हे मान्य केले पाहिजे.

तरीही या नाटकाचे दुःख एका गृहीतावर उभे आहे. वाटून घेण्याजोगे काही तरी होते आणि ते आता मोडते आहे, हे ते गृहीत. वाड्याचे चिरे कुणी वाहिले, त्या जमिनीत कुणी घाम गाळला, हा प्रश्न नाटकाच्या केंद्राशी येत नाही. तो आला असता तर ते वेगळे नाटक झाले असते. म्हणून यात एलकुंचवारांचा दोष काढण्याचे कारण नाही. मात्र आपल्या समीक्षेने हा साचा उचलून दलित जीवनाला लावू नये. आमच्याकडे वाडा पडला नाही, कारण वाडा नव्हताच. आमच्या घरातल्या तंट्याची जात वेगळी आहे.

२

गावाने महाराला जे वतन दिले त्याचा अर्थ काय होता? हाडकी-हाडोळ्याची थोडी जमीन, खळ्यावरचे बलुते, दारोदारची भाकरी आणि मेलेले जनावर. त्याच्या मोबदल्यात रात्रंदिवस गावकी आणि सरकारी काम. १८७४ च्या वतन कायद्याने ब्रिटिश सरकारने या व्यवस्थेला कायद्याची चौकट दिली. जमीन एका माणसाची नव्हे, वतनदार कुटुंबांची. आणि काम मात्र ज्याची पाळी असेल त्याचे. म्हणजे मालकी विभागलेली, कष्ट पाळीने आलेले, आणि बलुत्याचा पसा मात्र मोजका.

अशा रचनेत भाऊ भावाचा काय होणार? पाळीच्या वर्षी भाकरीची पाटी भरते, पाळी संपली की रिकामी होते. म्हणून पाळी केव्हा येते, तिची वाटणी किती घरांत आहे, एखाद्या घरात चार पोरगे झाले तर त्यांचे चार हिस्से की बापाचा एकच, हे प्रश्न उपाशी माणसाच्या दृष्टीने जीवनमरणाचे होते. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये येसकराचे जे चित्र आहे ते या दृष्टीने पुन्हा वाचावे. हातात काठी आणि खांद्यावर घोंगडी घेऊन तो दारोदार भाकरी मागतो, पण महारवाड्यात त्याच गोष्टीचा त्याला तोरा असतो. लेखिकेने हे दैन्य आणि हा तोरा एकाच दृष्टीत पकडले आहेत. गावापुढे वाकलेला माणूस आपल्या भाऊबंदांत ताठ का चालतो? कारण यंदा पाटी त्याच्या घरी येणार आहे आणि चुलतभावाच्या घरी येणार नाही. गावाने अपमान केला, आणि त्या अपमानातच चढउतार निर्माण करून तो भावाभावांत वाटून दिला.

शंकरराव खरात यांच्या 'तराळ-अंतराळ' (१९८१) मध्ये विहिरीतल्या प्रेताचा जो प्रसंग आहे, तो मी विद्यार्थ्यांना अनेकदा शिकवला आहे. तराळकीची पाळी म्हणून बापाला त्या प्रेताची राखण करावी लागते, पुढे विहिरीतही उतरावे लागते, आणि मुलगा हे सगळे पाहतो. हा प्रसंग पोलिसी जुलमाचा म्हणून वाचला जातो. तो वारशाचाही आहे. बाप मुलाला काय देऊन जाणार आहे, हे त्या मुलाला विहिरीच्या काठावर कळते. जमीन, घर, भांडी यांच्या आधी पाळी. हे पोर पुढे लेखक झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. म्हणजेच त्याने हा वारसा नाकारला. मालमत्तेसाठी भावाशी भांडणारा मुलगा मराठी साहित्यात पुष्कळ आहे. बापाचा वारसा नको म्हणून झगडणारा मुलगा दलित आत्मकथनाने आणला. ही आपल्या साहित्याची स्वतःची भर आहे आणि समीक्षेने ती तशी नोंदवली पाहिजे.

बाबासाहेबांनी हे मर्म फार आधी ओळखले होते. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. जमिनीचा पूर्ण सारा भरून वतनदाराला सक्तीच्या कामातून सुटका मिळावी, आणि बलुत्याच्या अनिश्चित पशाऐवजी रोख मोबदल्याची निश्चिती यावी, असा त्याचा आशय होता. ते विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. परंतु आपल्याच समाजातल्या काही मंडळींना वतनाची ओढ सोडवत नव्हती, हेही त्या काळातले वास्तव आहे. बावन्न हक्कांची आख्यायिका अभिमानाने सांगणारी पिढी तीच. हक्क म्हणून जपलेली ती वस्तू गळ्यातला फास आहे, हे सांगायला बाबासाहेबांना स्वतःच्या माणसांशीही झगडावे लागले.

३

वतने अखेर गेली. १९५८ च्या कनिष्ठ गावनोकर वतन निर्मूलन कायद्याने महार वतन संपले. आता काम नाही आणि जमीन मात्र आपली, असे आमच्या वडीलधाऱ्यांना वाटले. पण कायदा बारकाईने पाहावा. आकाराच्या तिप्पट रक्कम मुदतीत भरली तर जमीन पुन्हा वतनदाराच्या नावे. न भरली तर तो स्वतःच्याच हाडोळ्यात अनधिकृत. शिवाय जमीन मिळायची ती नवीन आणि अविभाज्य शर्तीवर. कलेक्टरच्या पूर्वपरवानगीवाचून ती विकता येत नाही आणि बांध घालून वाटताही येत नाही.

ज्या घरात रोख रुपया दिसत नव्हता, तिथे ही रक्कम कुणी भरली? गिरणीत, गोदीत किंवा पलटणीत असलेल्या एखाद्या भावाने. ज्याने भरली त्याच्या मनात जमीन त्याची झाली. जो गावी राहून ती कसत होता त्याच्या मनात ती त्याची होती. जो तिसरा कुठेच नव्हता त्याचेही नाव सातबाऱ्यावर होते. पुढे प्रत्येक मयताबरोबर वारसांची नावे चढत गेली, जमीन मात्र अविभाज्यच राहिली. पश्चिम महाराष्ट्रातील आमच्या गावच्या हाडोळ्याचा उतारा हातात घेतला तर नावांची यादी पानाच्या खाली उतरते आणि क्षेत्राचा आकडा तेवढाच राहतो. या नावांतली निम्मी माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, आणि जी ओळखतात त्यांचे बोलणे बंद आहे. हे लोक स्वभावाने भांडकुदळ आहेत म्हणून असे झाले काय? ज्या वस्तूचे कायद्याने तुकडे होत नाहीत आणि भुकेने झाल्यावाचून राहत नाहीत, ती चाळीस माणसांच्या हाती दिली तर दुसरे काय होणार?

आणि ही जमीन शहराच्या वेशीत आली की तिची किंमत कोटीत जाते. मग कालपर्यंत शिवारात न फिरकलेले दलाल घरोघर मुखत्यारपत्रे घेऊन हिंडतात. एका भावाला थोडी रक्कम हातावर ठेवून त्याची सही घ्यायची, ती दुसऱ्याला दाखवून त्याची घ्यायची, हा त्यांचा धंदा. पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीच्या व्यवहारावरून २०२५ साली राज्यभर गदारोळ झाला. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती सत्तेची आणि मुद्रांक शुल्काची. त्या उताऱ्यावर ज्यांची नावे पिढ्यान्पिढ्या होती, त्या कुटुंबांच्या आत या दशकांत काय झाले असेल, याची कादंबरी अजून लिहिली जायची आहे.

४

वारशाचा दुसरा प्रश्न नावाचा आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'ने (१९८४) तो मांडला. बारा माशांचा तोळा. अक्करमाशी म्हणजे त्यातला एक मासा कमी असलेला. आई दलित, बाप गावचा पाटील, आणि शाळेच्या दाखल्यावर बापाचे नाव काय लिहायचे हा पेच. या पुस्तकाची चर्चा अनौरसपणाच्या वेदनेची म्हणून झाली. मी त्यात एक व्यावहारिक प्रश्न जोडतो. पाटलाला दलित स्त्रीच्या शरीराचा विटाळ होत नाही आणि तिच्या पोराला नाव देण्याचा होतो, हे कसे? नावामागे वाटा येतो, म्हणून. शाळेच्या दाखल्यावरचे नाव उद्या सातबाऱ्यावर चढू शकते. जातीच्या शुद्धतेची जी भाषा गावगाडा बोलतो, तिच्या तळाशी जमीन घराबाहेर जाऊ नये ही काळजी आहे. ब्राह्मण्याचा हा आर्थिक पाया 'अक्करमाशी' जितक्या उघडपणे दाखवते, तितका तो आपल्या वैचारिक लेखांतही क्वचितच दिसतो.

येथे किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) शेजारी ठेवून वाचले पाहिजे. कोल्हाटी समाजात नाचणाऱ्या मुलीच्या कमाईवर बाप आणि भाऊ जगतात. लेखकाने आपल्याच आजोळचे हे वास्तव कोणतीही भीड न ठेवता लिहिले. त्या घरात पैसा आणणारी बाई, आणि घर पुरुषांचे. तिने कमवायचे तोवर तिला मान. ती कुणाबरोबर संसार करायला निघाली की घर हवालदिल होते, कारण मिळकत निघून जाते. तिच्या पोराला बापाचे नाव नाही, आणि मामांच्या घरात जागाही नाही. लिंबाळे यांच्या पुस्तकात शोषक घराबाहेरचा आहे. काळे यांच्या पुस्तकात तो घरातला आहे. म्हणूनच हे पुस्तक पचवणे आपल्याला जड गेले. पण जातीने ज्या समाजाला उपजीविकेचे दुसरे साधन ठेवले नाही, त्या समाजात लेकीचे शरीर हेच वतन झाले, हे त्याचे कारण ध्यानात घेतल्याशिवाय त्या आजोबाला आणि मामांना केवळ खलपुरुष ठरवणे हे उथळपणाचे होईल.

५

आता मी बहिणीच्या प्रश्नाकडे येतो. इतर सर्व प्रश्न या एका ठिकाणी एकवटतात असे मला वाटते.

वतनाच्या कायद्याला १८८६ साली एक दुरुस्ती जोडली गेली. शेवटच्या पुरुष वतनदाराच्या विधवेखेरीज वतनदार कुटुंबातल्या कोणत्याही स्त्रीचा वारसाक्रम कुटुंबातल्या सर्व पुरुषांच्या मागे ढकलला गेला. म्हणजे सख्खी लेक मागे आणि लांबचा भाऊबंद पुढे. ही दुरुस्ती पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनांना लागू होती, तशीच महाराच्या तुटपुंज्या हाडोळ्यालाही. 'लेकीचा काय संबंध' हे वाक्य आज आपल्या घराघरांत रीत म्हणून उच्चारले जाते. त्या रीतीवर सरकारी शिक्का कधी बसला, त्याची तारीख अशी सापडते.

याच्या नेमके विरुद्ध टोकाला बाबासाहेबांचे हिंदू कोड बिल आहे. मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा देणे हा त्या बिलाच्या विरोधाचा एक मोठा मुद्दा होता, आणि बिल रखडले म्हणून १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. हिंदू वारसा कायदा १९५६ च्या जूनमध्ये अमलात आला आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला धम्मदीक्षा झाली. आपण धर्म बदलला. पण वारशाच्या बाबतीत बौद्धांना तोच कायदा लागू राहिला. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली तीतून वगळल्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने हा भेद गेला. बाप त्याआधी वारला असला तरी मुलीचा हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. बाबासाहेबांनी ज्यासाठी खुर्ची सोडली, ते कायद्यात यायला अशी अर्धशतकाहून अधिक वर्षे लागली.

आणि कायदा येताच आपल्या घरांत हक्कसोडपत्र आले. बाप वारला की दहा-पंधरा दिवसांत बहिणीला निरोप जातो. तिला साडी-चोळी होते, गोडाचे जेवण होते आणि मग तालुक्याच्या कचेरीत नेऊन तिची सही घेतली जाते. तिने सही केली तर माहेर शाबूत. सही करायला वेळ मागितला तर 'नवऱ्याने फूस लावली'. आणि हिस्सा मागितला तर दिवाळीची ओवाळणी त्या वर्षापासून बंद. मी ज्यांच्याबद्दल हे लिहितो आहे त्यांच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी आहेत. चौदा एप्रिलला ते निळा फेटा बांधतात. गावाने आपल्याला हिस्सा नाकारला यावर ते तासभर बोलू शकतात. बहिणीच्या सहीविषयी विचारले तर 'तिनं प्रेमानं सोडलं' असे सांगतात. आमच्या आज्यानेही गावकी 'प्रेमानं'च केली, असे गाव सांगत होते.

हा प्रसंग आपल्या साहित्यात कुठे आहे? स्त्रियांनी आत्मकथने लिहिली तेव्हा घरातला पुरुष त्यांच्यात दिसू लागला. बेबी कांबळे यांनी नवऱ्याचा आणि सासरचा मार लिहिला. उर्मिला पवार यांनी 'आयदान'मध्ये (२००३) शिकलेल्या, चळवळीत वावरणाऱ्या पुरुषाचे घरातले रूप लिहिले. 'आयदान'चा विचार वारशाच्या अंगानेही करायला हवा. बाप लवकर गेला, पोरांनी शिकावे ही इच्छा मागे ठेवून गेला. आई बांबूच्या टोपल्या, सुपे विणत राहिली. पुस्तकाला नाव त्या विणकामाचे आहे. आईच्या हातातली वीण लेकीच्या लेखणीत आली, असे ते नाव सुचवते. या वारशाला हक्कसोडपत्र लागत नाही, आणि एकीला मिळाला म्हणून तो दुसऱ्याचा कमी होत नाही. वतनाच्या वारशाला पर्याय कसा असू शकतो, याची एक खूण इथे आहे. पण घराच्या, जमिनीच्या, फंडाच्या वाटणीत बहिणीचे काय झाले, हे सांगणारे दलित आत्मकथन मला अजून भेटलेले नाही.

६

आजच्या पिढीकडे वाटण्याजोगे काही तरी आहे. नोकरीचा फंड आहे, ग्रॅच्युइटी आहे, हप्ते फेडून घेतलेला फ्लॅट आहे, गावाकडे भावाच्या नावाने बांधलेले पण शहरातल्या पगारातून उभे राहिलेले घर आहे. जो पहिला शिकला त्याच्या पगारावर दोन भावंडांचे शिक्षण, तीन लग्ने आणि आईचे औषधपाणी झाले. त्याची बायको हिशेब मांडते तेव्हा घर तिला नावे ठेवते, आणि गावाकडचा भाऊ 'आम्ही राबलो म्हणून तू शिकलास' म्हणतो तेव्हा तोही खोटे बोलत नसतो. या दोन्ही खऱ्या गोष्टी एकाच घरात कशा नांदतात, हे दाखवणे लेखकाचे काम आहे. त्याऐवजी आपल्या बऱ्याच कथांत शहरातला भाऊ 'दलित ब्राह्मण' ठरवून निकालात काढला जातो. ही शिवी चळवळीत कामाची असेल, कथेत ती आळसाची आहे.

सर्वांत दारुण उदाहरण झाडूचे आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार नगरपालिका-महानगरपालिकांत सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळते. २०२३ च्या शासननिर्णयाने हे नियम नव्याने एकत्र केले. ज्या घराला दुसरा आधार नाही त्याला ही नोकरी म्हणजे जीवदान आहे, आणि ती काढून घ्या असे कुणी म्हणू नये. पण ती एक आहे आणि पोरे चार. मग थोरल्याला द्यायची की धाकट्याला, विधवा सुनेला की लेकीला, आणि बाकीच्यांची संमती कोणत्या बोलीवर, यावरून सख्खे भाऊ कोर्टात उभे राहतात. बारावी झालेला, पदवी घेतलेला मुलगा गटार साफ करण्याच्या हक्कासाठी भावाविरुद्ध शपथपत्र करतो. खरातांच्या मुलाने जी पाळी नाकारली ती इथे न्यायालयात मागावी लागते. वतन मेले असे आपण म्हणतो. पाळी, वारस आणि एकच पाटी, ही त्याची तिन्ही अंगे मला इथे जिवंत दिसतात.

७

समीक्षेने याचे काय करायचे? पहिली गोष्ट, घरातल्या तंट्याकडे पाहून उपदेश करायचा नाही. 'पैसा आला आणि नाती तुटली' हे वाक्य मध्यमवर्गीय कथेचे आहे. ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांचीही नाती वतनाने तोडली होती. दुसरी गोष्ट, कारण बाहेरचे आहे म्हणून घरातल्या अन्यायाला सूट द्यायची नाही. भावाला हिस्सेदार करणारी रचना गावाने केली. बहिणीची सही घेणारा हात मात्र आपला आहे. गावगाड्याला लावलेली समतेची फूटपट्टी उंबऱ्याच्या आत चालत नसेल, तर ती गावालाही कोणत्या तोंडाने लावायची?

विद्यार्थ्यांना आणि तरुण लेखकांना माझे सांगणे आहे की आता हक्कसोडपत्रावर लिहा. सातबाऱ्यावरच्या नावांच्या रांगेवर लिहा, फंडाच्या नामनिर्देशनावर लिहा, शपथपत्रावर समोरासमोर आलेल्या दोन भावांवर लिहा. आपल्या घरातली गोष्ट बाहेर गेली तर शत्रू हसेल, ही भीती आता पुरे झाली. दया पवारांनी, बेबी कांबळ्यांनी लिहिले तेव्हाही आपल्यातले काही जण असेच म्हणाले होते. आणि कार्यकर्त्यांना एवढेच सांगणे आहे की पुढच्या सभेत गावच्या गायरानातला आपला हिस्सा मागण्यापूर्वी आपल्या घरच्या उताऱ्यावर बहिणीचे नाव आहे की नाही, ते तलाठ्याकडे जाऊन पाहावे.